अल्टिमीटर चुकीची उंची सांगतोय? मुलांच्या रॉकेट स्पर्धेआधी आणि मैदानावर काय काय तपासायचं

गेल्या सीझनमध्ये मार्चमधल्या एका शनिवारी आमच्या टीमचं रॉकेट इतकं सुंदर गेलं की बाजूच्या टीमच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या, एकदम सरळ वर, पॅराशूट वेळेवर उघडलं, आत ठेवलेलं अंडं शाबूत, आणि मग अल्टिमीटरनं, म्हणजे रॉकेटमधल्या उंची मोजणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डानं, उंची सांगितली ६१२ फूट. आधीच्या तीन उड्डाणांत आम्ही ७९० ते ८१० च्या मधे होतो, मोटर तीच, वजन तेच, वाराही फार नव्हता. मुलांचा एकच सूर, काकू अल्टिमीटर गेला, नवीन घेऊया. मीही जवळजवळ ऑर्डर टाकलीच होती, पण रात्री जेवणं झाल्यावर रॉकेट मांडीवर घेऊन नीट बघितलं तर आदल्या दिवशी मुलांनी हौसेनं त्याला निळा रंग मारला होता आणि अल्टिमीटरच्या कप्प्याची चार भोकं होती त्यातली तीन रंगानं बुजलेली, चौथं अर्धं. अल्टिमीटर ठणठणीत होता, त्याच्यापर्यंत हवाच पोचत नव्हती.

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकले, आता बरीच वर्षं इथे नॉर्दर्न व्हर्जिनियात आहे आणि मुलीच्या शाळेच्या टीमला मेंटॉर म्हणून मदत करते. आमच्या ओळखीतल्या तीन-चार मराठी घरांतली मुलं यंदा पहिल्यांदाच टीममध्ये उतरली आहेत आणि सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून अल्टिमीटरवरच येतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. मुलांनी स्वतः वाचलं तर उत्तम, कारण या स्पर्धेत रॉकेट मुलांनीच बनवायचं असतं, आपण मोठ्यांनी सांगायचं, विचारायचं, पण हात लावायचा नाही.

ज्यांना स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. द अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज, जुने लोक अजून टार्कच म्हणतात, पहिल्यांदा २००३ मध्ये झाली, राइट बंधूंच्या उड्डाणाला १०० वर्षं झाली त्या वर्षी. सहावी ते बारावीची मुलं, कच्चं अंडं घेऊन रॉकेट ठरलेल्या उंचीपर्यंत न्यायचं, ठरलेल्या सेकंदांत खाली आणायचं आणि अंडं फुटू द्यायचं नाही. उंची आणि वेळ दर वर्षी बदलते, अलीकडे उंची साधारण ८०० फुटांच्या आसपास असते. एक फूट चुकला की एक पॉइंट, वेळेच्या बाहेरचा प्रत्येक सेकंद चार पॉइंट, आणि ज्याचे पॉइंट कमी तो वर. म्हणजे बघा, ८०० फुटांवर अल्टिमीटरची गडबड फक्त दोन टक्के झाली तरी १६ पॉइंट गेले, चार सेकंद चुकल्यासारखं. आणि तुमच्या डोळ्यांना काय दिसलं, सिम्युलेशन काय म्हणत होतं याला काही किंमत नाही, अल्टिमीटर जो आकडा सांगेल तोच आकडा.

आता सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करायचं ते हे, की या छोट्या बोर्डाला उंची कळत नाही, त्याला फक्त त्याच्या भोवतीच्या हवेचा दाब कळतो. जमिनीवर दाब किती होता आणि वर गेल्यावर किती कमी झाला यावरून तो उंचीचा हिशोब करतो. जमिनीजवळ साधारण एक हेक्टोपास्कल (हे दाब मोजायचं एकक) दाब कमी झाला की २७ फूट वर गेलो असं धरायचं, म्हणजे ८०० फुटांच्या अख्ख्या प्रवासात दाब फक्त २९ हेक्टोपास्कलच्या आसपास बदलतो, एकूण दाबाच्या तीन टक्केसुद्धा नाही. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ चाललाय. म्हणून रीडिंग विचित्र आलं की पहिला प्रश्न, कप्प्यात हवा कुठून आली, कुठून गेली, आणि त्या हवेला कोणी ढकललं का. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा उत्तर इथेच सापडतं.

भोकांपासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. रॉकेटवाल्यांमध्ये चालत आलेला एक अंदाज आहे, कप्प्याच्या दर १०० घन इंचाला पाव इंच व्यासाचं एक भोक, किंवा तेवढंच क्षेत्रफळ चार भोकांत वाटून. आपण सेंटिमीटरमध्ये करू. समजा ट्यूब आतून ६.६ सेंटिमीटर रुंद आहे आणि अल्टिमीटरचा कप्पा १० सेंटिमीटर लांब, तर आकारमान झालं साधारण ३४० घन सेंटिमीटर. त्याला एकूण साडेसहा चौरस मिलिमीटरच्या आसपास भोक लागतं, ते चारांत वाटलं तर प्रत्येक भोक साधारण दीड मिलिमीटर व्यासाचं. मुलांना हा हिशोब स्वतः करू द्या, एकदा केला की भोक म्हणजे सजावट नाही हे त्यांना समजतं. भोकं फार लहान झाली तर आतली हवा बाहेर पडायला उशीर लावते, बाहेरचा दाब कमी झाला तरी आत अजून जास्त, आणि अल्टिमीटर उंची कमी सांगतो. आमच्या निळ्या रंगाचं हेच झालं. फार मोठी केली तर वाऱ्याची प्रत्येक झुळूक आत शिरते आणि ग्राफ करवतीसारखा दिसतो.

चारच का, एक मोठं भोक का नको? कारण वारा. मॉडेल रॉकेटच्या सेफ्टी कोडप्रमाणे ताशी २० मैलांपर्यंतच्या वाऱ्यात उडवता येतं, आणि तेवढा वारा एकाच भोकावर समोरून आदळला तर जो दाब पडतो तो उंचीत मोजला तर १३ फुटांच्या जवळपास होतो. १३ फूट म्हणजे १३ पॉइंट, नुसत्या झुळुकीनं. चार भोकं चार दिशांना, ९० अंशांवर, एकाच उंचीवर असली की एका बाजूला दाब वाढतो तेव्हा दुसरीकडे कमी होतो आणि बऱ्यापैकी बेरीज-वजाबाकी होऊन जाते. वर टोकाला पोचल्यावर रॉकेट थांबलेलं असतं असं मुलांना वाटतं, पण वाऱ्यात कललेलं रॉकेट टोकाला पोचलं तरी आडवं चाललेलं असतं, त्यामुळे तिथेही हा प्रश्न आहेच.

जागा पण महत्त्वाची. नोज कोन, म्हणजे रॉकेटचं निमुळतं टोक, जिथे ट्यूबला मिळतो त्याच्या लगेच खाली भोकं पाडू नका, तिथे हवा वेग घेते आणि दाब खोटा कमी दिसतो. ट्यूबच्या व्यासाच्या निदान तीन-चार पट खाली या. भोकांच्या वरच्या बाजूला लाँच लग (रॉकेट लाँचच्या दांड्यावर ओवायची छोटी नळी), टेपची कड, स्टिकरचं टोक, काही काही नको. भोक ड्रिल बिटनं पाडा, पेननं किंवा कंपासच्या टोकानं भोसकून पाडलं की कागदी ट्यूबला आत-बाहेर केसं येतात. बारीक सँडपेपर गुंडाळून आतून फिरवायचा, कडेला पातळ सुपरग्लूचा एक थेंब लावून वाळवायचा आणि परत सँडपेपर. रंग मारताना भोकात टूथपिक खोचून ठेवा, रंग अर्धवट वाळला की टूथपिक फिरवून काढा.

पुढचा भाग म्हणजे कप्पा बाकीच्या रॉकेटपासून खरंच बंद आहे का. मोटरचा इजेक्शन चार्ज पेटतो तेव्हा ट्यूबमध्ये गरम वायूचा धक्का येतो, पॅराशूट त्यानंच बाहेर पडतं. अल्टिमीटरच्या कप्प्याखालचा बल्कहेड, म्हणजे आडवी भिंत, कुठे फटीनं गळत असेल तर तो वायू वर शिरतो. ग्राफमध्ये हे ओळखू येतं, इजेक्शनच्या क्षणी रेघ एकदम खाली खड्ड्यात जाते आणि मग उसळते. शिवाय त्या काजळीनं बोर्ड हळूहळू खराब होतो ते वेगळंच. तपासायला सोपं आहे, अंधाऱ्या खोलीत कप्प्यात मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवा आणि खालच्या बाजूनं बघा, उजेडाची रेघ दिसली तिथे गळती. आय बोल्टच्या भोवती आणि दोरा जिथून ओवलाय तिथे बहुतेक वेळा सापडते. थोडं इपॉक्सी लावलं की काम झालं.

याच्या उलटही होतं आणि ते जास्त फसवं आहे. नोज कोन किंवा वरचा भाग ट्यूबमध्ये फार घट्ट बसलेला असेल आणि इजेक्शनला तो फटकन बाहेर ओढला गेला, तर सिरिंजचा दांडा ओढल्यासारखा आत क्षणभर दाब कमी होतो. अल्टिमीटरला वाटतं आपण अचानक अजून वर गेलो. कमाल उंची म्हणून तोच टोकाचा काटा नोंदला गेला तर २०-३० फूट फुकट वाढलेले दिसतात आणि टीम वजन वाढवून उंची कमी करायला जाते, आणि पुढच्या उड्डाणाला काटा आलाच नाही तर रॉकेट धाडकन लक्ष्याच्या खाली. म्हणून नुसता कमाल आकडा वहीत लिहून समाधान मानू नका, ज्या अल्टिमीटरमधून डाटा लॅपटॉपवर घेता येतो त्याचा ग्राफ प्रत्येक सरावानंतर बघाच. चांगल्या उड्डाणाचा ग्राफ टोकाला गोलसर असतो, आंब्याच्या फोडीच्या पाठीसारखा. टोकाला टाचणी उभी असेल तर तो आकडा खरा धरू नका.

अंड्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं. अंडं फुटलं की पांढरं सगळीकडे झिरपतं, आणि ते बोर्डावर वाळलं की वरून पुसून जात नाही, सेन्सरच्या छोट्या भोकात गेलं तर संपलंच. अल्टिमीटर अंड्याच्या कप्प्यात कधीही ठेवू नका, मधे बंद भिंत हवी. काही मुलं संरक्षण म्हणून अल्टिमीटर झिपच्या पिशवीत घालतात, मग तो पिशवीतला दाब मोजत बसतो, तसं अजिबात नको. फोममध्ये खाच करून सैलसर बसवा, सेन्सरची बाजू मोकळी, आणि तो कप्प्यात इकडेतिकडे आपटणार नाही एवढंच बघा. पारदर्शक ट्यूब असेल किंवा भोकातून ऊन थेट बोर्डावर पडत असेल तर सेन्सरवर सावली करा, हे सेन्सर उजेडालाही बिचकतात.

बॅटरीच्या बाबतीत मी कडक आहे. प्रत्येक अधिकृत उड्डाणाआधी नवी किंवा त्याच दिवशी पूर्ण चार्ज केलेली, यात काटकसर नाही. थंडीत बॅटरीचा व्होल्टेज पडतो, फेब्रुवारीच्या सकाळी घरात चालणारा अल्टिमीटर मैदानावर गप्प बसतो, तर लाँचपर्यंत अल्टिमीटर जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. सुटी बॅटरी असेल तर ती टेपनं बांधा, कारण रॉकेट सुटताना धक्का बसतो आणि स्प्रिंगवरची बॅटरी क्षणभर उचलली गेली तरी अल्टिमीटर मधेच रीसेट होतो. स्प्रिंगची बाजू कुठे येतेय ते बघा, सुटतानाच्या धक्क्यानं बॅटरी मागे म्हणजे शेपटीकडे दाबली जाते, तर त्या दाबानं संपर्क सुटणार नाही अशी दिशा ठेवा. ट्रॅकर ट्रान्समीटर लावत असाल तर तो अल्टिमीटरला चिकटवून नको, जितका लांब तितका बरा.

आता पॅडवर, म्हणजे रॉकेट जिथून उडवतात त्या स्टँडवर, नेण्याआधीचा क्रम, कारण सगळं बरोबर बनवूनही इथे घोळ होतो. नियमांत कुठले अल्टिमीटर चालतात ते नावानिशी दिलेलं असतं, परफेक्टफ्लाइट कंपनीचे पीनट आणि फायरफ्लाय बऱ्याच टीम्सकडे दिसतात, एक बीप करून सांगतो, दुसरा दिवा लुकलुकवून. तुमच्याकडे जो असेल त्याची माहितीपत्रिका मुलांनी तोंडपाठ करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण चालू केल्या केल्या काय बीप येतो, मग किती वेळ थांबायचं, तयार झाल्याची खूण काय, हे प्रत्येकाचं वेगळं. बरेच अल्टिमीटर चालू केल्यावर आधी मागच्या उड्डाणाची उंची सांगतात. ही इतकी नेहमीची फसगत आहे की विचारू नका, उड्डाण नोंदलंच गेलेलं नसतं, कोणीतरी घाबरून बंद करून परत चालू करतं, जुनाच आकडा ऐकू येतो आणि सगळे खूश. म्हणून चालू करताना जो आकडा सांगेल तो आधी वहीत लिहा, मागचा म्हणून.

मग कप्पा हळू बंद करा. खरंच हळू. नोज कोन फटकन दाबला की आत पंप मारल्यासारखा दाब वाढतो आणि मग भोकांतून उतरतो, काही अल्टिमीटर त्यालाच उड्डाण समजून बसतात. अल्टिमीटर चालू असताना रॉकेट उगाच हलवायचं नाही, भोकांवर बोटं ठेवून धरायचं नाही. आमच्याकडे एका मुलीचं कामच आहे, पॅडवर नेण्याआधी चारही भोकांत टूथपिक घालून मोठ्यानं मोजायचं, एक दोन तीन चार. कारमधल्या एसीतून काढून लगेच ३० डिग्रीच्या उन्हात चालू करू नका, दहा-पंधरा मिनिटं सावलीत बाहेरच्या हवेत राहू द्या.

उतरल्यावर आधी धावत जाऊन उचलायची घाई नको, आणि बंद तर मुळीच करू नका. अधिकृत उड्डाणात रीडिंग निरीक्षकासमोर व्हायला हवं, म्हणजे अल्टिमीटर चालू ठेवून तसाच त्यांच्यापर्यंत आणायचा. बीप मोजताना दोन मुलांनी वेगवेगळं लिहायचं, एकमेकांना न सांगता, आणि मग ताडून बघायचं. शून्य बऱ्याच अल्टिमीटरमध्ये दहा बीप करून सांगतात, त्यामुळे ८०० म्हणजे आठ बीप, मग दहा, मग परत दहा, आणि गडबडीत कोणी नऊ मोजले की झालं. एक आवर्तन ऐकून थांबू नका, तो परत परत सांगतो, तीनदा ऐका. दिव्याचा असेल तर उन्हात लुकलुक दिसत नाही, टोपीच्या सावलीत धरा. आम्ही मोबाइलवर व्हिडिओ पण घेतो, वाद घालायला नाही, आपल्यालाच घरी जाऊन शांतपणे मोजायला.

तापमानाचा भाग लोक सोडून देतात आणि मग मे महिन्यात रडतात, म्हणून जरा थांबून सांगते. बहुतेक अल्टिमीटर हिशोब करताना हवा ठरावीक प्रमाणात गरम आहे असं धरतात, समुद्रसपाटीला १५ डिग्री. हवा त्यापेक्षा गरम असेल तर ती पसरलेली असते आणि तेवढ्याच उंचीत दाब कमी बदलतो. म्हणजे ३० डिग्रीला रॉकेट खरोखर ८०० फूट गेलं तर अल्टिमीटर ७६० च्या आसपास सांगेल, आणि ५ डिग्रीच्या सकाळी तेच ८०० फूट त्याला ८३० च्या जवळ वाटतील. अल्टिमीटर बिघडलेला नाही, तो त्याच्या सूत्राशी प्रामाणिक आहे. गंमत अशी की गरम हवा विरळ असते म्हणून रॉकेटला अडथळा कमी होतो आणि ते खरोखर जास्त वर जातं, म्हणजे दोन्ही परिणाम एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, पण बरोब्बर फिटत नाहीत. स्पर्धेत तुम्हाला दुरुस्ती करून मिळणार नाही, जो आकडा आला तोच. म्हणून करायचं इतकंच की प्रत्येक उड्डाणाच्या ओळीत तापमान, वारा, हवेचा दाब, वजन ग्रॅममध्ये, मोटरचा लॉट नंबर (ती कुठल्या खेपेत बनली तो), सगळं लिहायचं. पात्रता फेऱ्या थंडीत होतात आणि फायनल मे महिन्यात, द प्लेन्सजवळच्या ग्रेट मेडो मैदानावर, तेव्हा व्हर्जिनियात चांगलं गरम आणि दमट असू शकतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी दोन तरी सराव उड्डाणं करा असं मी सगळ्यांना हात जोडून सांगते.

मोटरच्या लॉटचं लिहिलं कारण दर वेळी दोष अल्टिमीटरचा नसतो तसा कप्प्याचाही नसतो. एकाच नावाच्या दोन मोटरींत थोडा फरक असतोच, वाऱ्यात रॉकेट कललं की उंची कमी होते, आणि अशा वेळी अल्टिमीटर खरं सांगत असतो, आपल्यालाच ते ऐकायचं नसतं. ओळखायचं कसं? तर वेळेशी ताडून. उंची कमी आली आणि पॅराशूटवर खाली यायला लागलेला वेळही त्या प्रमाणात कमी आला तर रॉकेट खरंच कमी गेलं. उंची १८० फूट कमी आणि वेळ मात्र नेहमीचाच, तर कप्पा उघडून बघा. आमच्या त्या ६१२ वाल्या दिवशी वेळ अगदी नेहमीसारखा होता, हे माझ्या लक्षात रात्री आलं, मैदानावर यायला हवं होतं.

घरी तपासायचा एक प्रयोग आहे जो मुलांना फार आवडतो. एक लिटरची घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या, झाकणाला भोक पाडून फिश टँकची बारीक नळी बसवा, भोवती एम-सील किंवा इपॉक्सी लावा, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ६० मिलीची सुई नसलेली मोठी सिरिंज. अल्टिमीटर चालू करून बरणीत ठेवा, तयार झाल्याची खूण येऊ द्या, झाकण लावून थोडं थांबा आणि मग सिरिंज चार-पाच सेकंदांत एकसारखी ३० मिलीपर्यंत ओढा. हिशोबानं दाब साधारण तेवढाच कमी होतो जेवढा ८०० फुटांवर होतो. मग हळूहळू परत सोडा आणि आकडा ऐका. अगदी ८०० येणार नाही, बरणी भरून पाणी मोजलं तर ती एक लिटरपेक्षा थोडी जास्तच निघते, नळीचं आकारमान असतं, थोडी गळती असते. आकडा किती आला यापेक्षा पाच वेळा केलं तर पाचही वेळा जवळपास तोच येतो का हे बघायचं. दोन अल्टिमीटर असतील तर दोन्ही एकदम बरणीत ठेवा, दोघांना तोच दाब मिळतो, मग फरक दिसला तर तो त्यांचाच. दहा-बारा फुटांचा फरक दिसला तर घाबरू नका, एकच अल्टिमीटर निवडा, त्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि अख्खा सीझन तोच वापरा. तुमचं सगळं वजनाचं आणि पॅराशूटचं गणित त्या एका अल्टिमीटरच्या भाषेत बसलेलं असतं, आयत्या वेळी दुसरा घातला तर भाषाच बदलली.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्यांच्या कॉलेजची टीम स्वतःच अल्टिमीटर बनवते, बीएमपी२८० हा दाबाचा सेन्सर आणि आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, तिकडेही बऱ्याच मुलांचं हेच चाललंय म्हणून दोन शब्द. पहिला घोळ, तयार कोडमध्ये समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरलेला असतो, त्यामुळे पुण्यात टेबलावर ठेवलेलं रॉकेट आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास वर आहोत असं सांगतं, म्हणून पॅडवर पहिल्या शंभर रीडिंगचा मध्य काढून तोच शून्य धरा. दुसरं, सेन्सरच्या आतला फिल्टर फार जोरात लावला तर ग्राफ दिसायला गुळगुळीत होतो पण टोक कापलं जातं आणि उंची कमी येते. फिल्टर थोडा कमी ठेवा, सगळं कच्चं रेकॉर्ड करा आणि साफसफाई नंतर लॅपटॉपवर करा. मेमरी कार्डवर लिहिताना मधेच अडखळतं, त्यामुळे उड्डाण चालू असताना डाटा बोर्डाच्या मेमरीत साठवून उतरल्यावर कार्डवर उतरवला तर बरं. आणि सेन्सरच्या धातूच्या डबीवरच्या बारीक भोकावर सोल्डरिंगचा फ्लक्स किंवा गोंद जाऊ देऊ नका, भोकांची गोष्ट तिथेही तीच आहे.

स्पर्धेच्या दिवशी अल्टिमीटर चालूच झाला नाही तर काय? आधी बॅटरी बदला, मग बॅटरीचे संपर्क खोडरबरानं पुसा, मग स्विच दोन-चारदा मागेपुढे करा. तरी नाही तर दुसरा घ्या, पण दुसराही त्याच मान्यताप्राप्त यादीतला आणि आधी उडवलेला हवा. स्क्रू ड्रायव्हर घेऊन पॅडजवळ बोर्ड खोलत बसू नका, नियमांनुसार अल्टिमीटरमध्ये फेरफार चालत नाही. उतरल्यावर आकडाच ऐकू आला नाही तर मुलांनीच निरीक्षकाकडे जाऊन सांगायचं, काय काय घडलं ते क्रमानं, आणि त्या वर्षीचे नियम छापून बॅगेत ठेवलेले असू द्या म्हणजे पान काढून विचारता येतं. आपण आईबाबांनी मागे उभं राहायचं. मला माहितीये किती अवघड आहे ते, मुलांनी सहा महिने शनिवार-रविवार घातलेले असतात आणि घशात आवंढा येतो, पण चौदा वर्षांचं पोर स्वतः शांतपणे बोललं तर ऐकून घेतलं जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एवढं सगळं करूनही अल्टिमीटर खरंच बिघडलेला निघू शकतो. बरणीत पाच वेळा पाच वेगळे आकडे, जमिनीवर स्थिर असताना शून्य सरकत जाणं, आपटल्यानंतर एकदम ५० फुटांनी वेगळी भाषा, ही त्याची लक्षणं. मग मात्र मोह सोडा आणि नवा घ्या, पण नवा आला की जुना लगेच फेकू नका. जुना अजून थोडाफार चालत असेल तर दोघांना एकाच कप्प्यात ठेवून तीन सराव उड्डाणं करा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, बरणीतही एकत्र बसवा. दोन अल्टिमीटरचं वजन वाढतं तेवढं दुसरीकडून कमी करायला विसरू नका, रॉकेट ६५० ग्रॅमच्या आत हवं. तीन उड्डाणांत नव्याचा सूर कळतो, मग ठिपका त्याच्यावर लावायचा आणि जुन्याला सरावाच्या खोक्यात टाकायचं, बॅटरी काढून.